सॅकमधली जिलेबी

परभणीतल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहातून चार पानी पत्र आलंय. लिहिणारी दुसऱ्या वर्षाला आहे. नाव छापू नका म्हणालीय, म्हणून ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मेसमध्ये जिलेबी होती. त्या दिवशी झड लागलेली. मेसच्या मागं, सिलिंडर ठेवायच्या जाळीखाली एक भिजलेलं पिल्लू ओरडत होतं. केशरी अंग, त्यावर पट्टे. दुपारपर्यंत आई आली नाही, तेव्हा हिनं त्याला ओढणीत गुंडाळून खोलीवर आणलं आणि नाव ठेवलं जिलेबी. दोन दिवस ठेवू म्हणता म्हणता दीड महिना झाला. खोलीत तिघी राहतात. एकीला मांजर आवडतं. दुसरी 'मला काही नाही' म्हणते, पण सकाळी उठल्यापासून शिंकत असते. वसतिगृहाच्या नियमात प्राणी पाळायला मनाई आहे. रात्री साडेनऊला रेक्टर मॅडम हजेरीला येतात, तेव्हा जिलेबीला कॉलेजच्या सॅकमध्ये घालून सॅक कॉटखाली सरकवायची, असं चाललंय. एकदा सॅकमध्ये घालताना हिच्या मनगटावर नख लागलं, रक्त आलं, हळद दाबली. खायला मेसची चपाती दुधात कुस्करून, कधी वरणभात. आता दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह बंद राहणार. घरी विचारलं तर आई फोनवर म्हणाली, "इथंच दोन बोके उंडारायलेत, अन् तू अजून एक आणायलीस का?"

हिचे प्रश्न असे: रेक्टर मॅडमना कळू न देता वर्ष कसं काढायचं? का वसतिगृह सोडून बाहेर खोली करायची? आणि प्राणी पाळणं हा आपला हक्क आहे असं मोबाईलवर वाचलं, ते खरं का? शेवटी लिहिलंय, "मावशी, मी सोडलं तर ती मरून जाईल. माझ्याशिवाय तिला कुणी नाही." खाली सही: जिलेबीची ताई.

* * *

प्रिय जिलेबीच्या ताई,

बाकीचं सगळं नंतर, आधी मनगट. पत्र टाकल्यापासून तू दवाखान्यात गेली नसशील तर हे वाचून झाल्यावर जा. हळदीनं रेबीज थांबत नाही. कुत्रा चावला की आपण पळतो. मांजराचं नख लागलं की 'ओरखडाच आहे' म्हणून गप्प बसतो. पण रेबीज मांजरालाही होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की त्या आजारातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जिलेबी आज ठणठणीत आहे ही चांगली खूण आहे. तरी ती खूण वाचायचं काम डॉक्टरांचं आहे, तुझं-माझं नाही. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. तारीख, कसं लागलं, रक्त आलं होतं का, हे सरळ सांग. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागू शकतं. सांगतील ते सगळे डोस पूर्ण कर, दोन घेऊन परीक्षेच्या नावाखाली पुढचे बुडवू नकोस. आणि पुन्हा कधी नख किंवा दात लागला, तुला किंवा खोलीतल्या कुणालाही, तर आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, काही लावायचं नाही.

एक विचारू? त्या दिवशी तू दवाखान्यात का गेली नाहीस? मला वाटतं, उत्तर तुलाही माहीत आहे. दवाखान्यात गेलं असतं तर 'कुठलं मांजर' हा प्रश्न आला असता, वसतिगृहात तोच प्रश्न पुन्हा आला असता, आणि मांजर उघड पडलं असतं. म्हणजे मांजर लपवता लपवता तुला स्वतःची जखमही लपवावी लागली. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. तू लिहितेस, "पहिले सॅकमध्ये घातलं की लई ओरडायची. आता अजिबात आवाज करत नाही, इतकी शहाणी झालीय." अगं, मांजर शहाणपणानं गप्प बसत नाही. घाबरलेलं मांजर दोन गोष्टी करतं, पळतं किंवा दगडासारखं थिजतं. चेन लावलेल्या सॅकमध्ये पळायला जागा नाही, म्हणून ती थिजते. एकदा हजेरी झाल्यावर चेन उघडशील तेव्हा नीट बघ. कान मागं चिकटलेले आहेत का, बुबुळं मोठी झालीत का, अंग आखडून कोपऱ्यात बसलीय का, तुझा हात आत गेला तरी लगेच बाहेर येत नाही का. तसं असेल तर रोज रात्री साडेनऊला तिच्या आयुष्यात एक भीतीची घटना घडतेय आणि ती तिच्या ताईच्याच हातून घडतेय. ती नखं तुला लागली तीही त्याच वेळेला, हे लक्षात आलं का तुझ्या?

तू प्रेमानं करतेस, यात मला शंका नाही. पण तुझा प्रश्न 'लपवावं कसं' असा आहे आणि मला तो प्रश्नच बदलायचाय. लपवलेल्या मांजराला लस टोचता येत नाही, त्याचं ऑपरेशन होत नाही. रात्री दोनला ते ओकाऱ्या काढायला लागलं तर शेजारच्या खोलीचं दार वाजवता येत नाही. मांजर पाळणं म्हणजे जे जे, ते सगळं उजेडात करायचं असतं. त्यामुळे वर्ष कसं काढायचं याचे उपाय मी सांगणार नाही. लपवायच्या युक्त्या मला माहीत नाहीत असं समजू नकोस. चांगल्या माहीत आहेत.

आमचाही एक होता. १९९१ साल असेल, तेव्हाच्या औरंगाबादेत मी शिकायला होते. खोलीत चौघी. राखाडी पट्ट्यांचा बोका, रोज संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर गस्त घालायचा म्हणून नाव हवालदार. आम्ही त्याला कपड्यांच्या पेटीमागं लपवत असू. फार हुशार समजायचो स्वतःला. उन्हाळ्याची सुट्टी लागली. मला वाटलं मेसचा पोऱ्या त्याला खायला घालेल. दुसरीला वाटलं वॉचमन घालेल. तिसरीनं चौथीवर सोडलं, चौथीनं माझ्यावर. विचारलं कुणीच कुणाला नाही, कारण विचारलं असतं तर उघड झालं असतं ना! मेस तर परीक्षेनंतर दोन दिवसांत बंद झाली. जूनअखेर परत आले तेव्हा वॉचमन म्हणाला, आठ-दहा दिवस तुमच्या दाराशीच बसून होता, मग दिसला नाही. दाराला हिरवा ऑइलपेंट होता. खालच्या बाजूला, वीतभर उंचीवर, रंग खरवडून लाकूड दिसत होतं. शेजारीशेजारी चार-चार रेघा. पुढच्या वर्षी दार पुन्हा रंगवलं, तरी अंधारात चप्पल शोधताना त्या रेघा बोटांना लागायच्या.

म्हणून तुझ्या पत्रात 'दिवाळीची सुट्टी' हे शब्द आले तिथंच माझं लक्ष अडकलं.

आता तुझं ते वाक्य घेऊ, 'माझ्याशिवाय तिला कुणी नाही.' पंधरा ऑगस्टला हे खरं होतं का? कदाचित नसेल. मांजरी पिल्लांना एकटं ठेवून तासन्‌तास खाणं शोधायला जाते. जागा धोक्याची वाटली की तोंडात धरून एकेक पिल्लू हलवते. सात घरं फिरवते म्हणतात ते याचसाठी. तू बघितलंस तेव्हा ती दुसऱ्या पिल्लाला घेऊन गेलेली असू शकते. झडीत भिजून ओरडणारं पिल्लू उचललंस, त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही, मीही उचललं असतं. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते: पिल्लू कोरडं, गुबगुबीत आणि शांत असेल तर हात लावू नका, लांब उभं राहून काही तास वाट बघा. आई येते, पण माणसं गेल्यावर येते. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू खेळताना दात-नखं कितपत लावायची हे शिकायचं राहून जातं. जिलेबी तुमच्या हातांना चावते असं तू लिहिलंयस, ते थोडं त्यामुळेही असेल. हातानं खेळवू नका, दोरीला चिंधी बांधून खेळवा.

मात्र आज ते वाक्य खरं झालंय. दीड महिना खोलीत वाढलेल्या, शिकार न शिकलेल्या पिल्लाला उद्या उचलून मेसमागं सोडलं तर त्याचं निभणं कठीण आहे. तेव्हा तिची सोय लावणं तुझ्याकडे आलंय, पण ती सोय म्हणजे तुझी खोलीच, असं कुठं आहे? घरात राहणारं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. तुझी पदवी दोन-तीन वर्षांत संपेल. मग पुणं, नोकरी, तिथं चौघींत एक फ्लॅट, मग लग्न असेल-नसेल. ती म्हातारी होईल तेव्हा तू पस्तिशीला टेकलेली असशील. 'या सेमिस्टरला काय करू' असं तू विचारतेस. पंधरा वर्षांचा विचार केलास तर उत्तर वेगळं येईल.

तुझ्या शिंकणाऱ्या मैत्रिणीबद्दल तू दीड ओळ लिहिलीस. मला तिच्याबद्दल जास्त वाचायचं होतं. 'मला काही नाही' असं ती म्हणाली, पण तुम्ही दोघी एका बाजूला, मांजर आधीच मांडीवर, आणि वर्ष तिघींना एकत्र काढायचंय, अशा वेळी एकोणीस वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणेल? तिला नाही म्हणायची वाट तुम्ही ठेवलीच नव्हती. मांजराची ॲलर्जी केसांची असते असं वाटतं, पण ती असते मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाची. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे बारीक कण हवेत तरंगतात, गादीत, पडद्यात, तिच्या उशीच्या अभ्र्यात जाऊन बसतात. तुम्ही रोज केस झाडून काढता ते चांगलंच आहे, पण त्यानं शिंका थांबणार नाहीत. मांजर गेल्यावरही ते कण काही महिने खोलीत राहतात. आज तिला एकटीला गाठ, चहाला ने, आणि असं विचार: "तुला रात्री छातीत घरघर होते का? दम लागतो का?" हो म्हणाली तर जिलेबीचा खोलीतला मुक्काम संपला. त्यावर मतदान नको.

जाता जाता एक शंका. तू जिलेबीला पहिल्या ओळीपासून 'ती' म्हणतेस. तपासलंस का? केशरी मांजरांत साधारण पाचात चार बोके निघतात. केशरी रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याला एकच एक्स, म्हणून एका जीनवर काम भागतं; भाटीला दोन एक्स, म्हणून ती पूर्ण केशरी व्हायला आई-बाप दोन्हीकडून तो यावा लागतो. तेव्हा तुझी जिलेबी बहुतेक जिलेबा असणार. हसू नकोस, यावर पुढचं बरंच ठरतं. भाटी असेल तर चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, रात्र-रात्र ओरडते (ते ओरडणं कुठल्याच सॅकमध्ये मावत नाही), आणि साधारण नऊ आठवड्यांत तीन-चार पिल्लं. म्हणजे ऐन परीक्षेत तुमच्या कॉटखाली पाळणाघर. बोका असेल तर सहाएक महिन्यांचा झाला की भिंतीवर, दप्तरावर, रेक्टर मॅडमच्या टेबलावरसुद्धा मूत्राची पिचकारी मारून हद्द आखेल. तो वास फिनाईलनं जात नाही. दोन्हीवर इलाज एकच, नसबंदीचं ऑपरेशन, चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान.

परभणीत राहून तुला हे कुठं करू असा प्रश्न पडायला नको. तुझ्या गावातच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७२ पासूनचं, आणि त्याचा दवाखाना आहे. लातूर जिल्ह्यातल्या वाचकांना उदगीरला तसंच महाविद्यालय आहे. बाकीच्यांनी जिल्ह्याच्या सरकारी पशुचिकित्सालयात चौकशी करावी. तिथं बैल-म्हशींच्या रांगेत मांजर घेऊन उभं राहायला लाज वाटते, पण डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही. जिलेबी आता तीन महिन्यांच्या आसपास असेल. म्हणजे रेबीजच्या लशीचं वय झालंय, आणि मांजरांची जी दुसरी एकत्रित लस असते तिचा पहिला डोस खरं तर आधीच व्हायला हवा होता. जंताचं औषधही विचार.

खाण्याचं थोडक्यात. मांजर पक्कं मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो नसेल तर डोळे आणि हृदय खराब होतं. दूध-चपातीवर पोट भरतं, जगणं होत नाही, आणि बऱ्याच मांजरांना दुधानं जुलाब होतात. वरणाला लसणाची फोडणी असते, भाजीत कांदा असतो. दोन्ही मांजराला विषारी. मांजराच्या पिल्लांचं तयार खाद्य मुख्य ठेव, जोडीला उकडलेलं अंडं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन. मेस शाकाहारी आहे, खोलीत अंडं आणायची सोय नाही, असं म्हणशील. तेही उत्तराचा भागच समज. आणि दोन गोष्टी कायम लक्षात ठेव. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही द्यायचं नाही, एका गोळीनं जीव जातो. आणि फिनाईलनं पुसलेल्या ओल्या फरशीवर तिला सोडायचं नाही. ती पंजे चाटते, आणि फिनाईल तिच्या लिव्हरला पचवता येत नाही.

हक्काचं विचारलंस. राज्यघटनेच्या ५१-अ कलमात प्राणिमात्रांबद्दल दया बाळगावी असं सांगितलंय खरं, पण ते मूलभूत कर्तव्यांत येतं, हक्कांत नाही. वसतिगृहाची खोली तुझ्या मालकीची नाही. नियम वाचून, खाली सही करून तू ती घेतलीस. तेव्हा मोबाईल पुढं करून रेक्टर मॅडमशी कायद्यानं भांडायला जाऊ नकोस. उलट १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो की जनावर भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा अवस्थेत सोडून देणं हा गुन्हा आहे. हे मॅडमना लागू आहे, कुणी शिपायाला सांगून पिल्लू पोत्यात घालून गावाबाहेर सोडायला लावू नये. आणि कुलूप लावून दिवाळीला जाणाऱ्या तुम्हा तिघींनाही लागू आहे.

आता बाहेर खोली करायची. आपल्याकडे घरमालक आधी आडनाव विचारतो, मग खाणं विचारतो, मग कोण येतं-जातं विचारतो. मांजराचा नंबर चौथा. समज मिळाली. सकाळी नऊ ते पाच तू कॉलेजात, ती एकटी. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा बेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या बंद खोलीत लाईट गेल्यावर काय होत असेल, विचार कर. भाडं कोण देणार? वडिलांना खरं कारण सांगणार का? का तिथंही सॅक? एकट्या मुलीनं बाहेर राहण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः राहिलेय. पण ते आपल्यासाठी करावं, पूर्ण हिशोब मांडून. तीन महिन्यांच्या मांजरापायी वसतिगृहाची जागा सोडलीस तर वर्षाच्या मधे परत मिळणार नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही तुमच्या गावाची म्हण ऐकायला झकास आहे, तिच्या भरवशावर भाडेकरार करू नये.

मग राहिलं घर. तुझी आई नाही म्हणाली, असं तू लिहिलंस. मला तसं ऐकू आलं नाही. दोन बोके उंडारायलेत, अजून एक कशाला, असं ती म्हणाली. म्हणजे तिची अडचण मांजर नाही, मांजरांची वाढ आहे. दरवर्षी कणगीमागं नाहीतर माळवदावर पिल्लं सापडणार, आणि त्यांचं करणार कोण, तर तीच. तिला 'मांजर आणू का' असं विचारू नकोस. 'ऑपरेशन झालेलं, लस टोचलेलं मांजर आणते, पिल्लांचा प्रश्न नाही, खर्च माझा' असं सांग. घरात ज्वारीची पोती असतील तर उंदरांचं मी सांगायला नको. नेशील तर पहिल्या दिवशी अंगणात सोडू नकोस. दोन-तीन आठवडे एकाच खोलीत, तिथंच घमेल्यात वाळू, तिथंच खाणं. त्या दोन बोक्यांशी ओळख दाराच्या फटीतून, वासानं होऊ दे. लगेच सोडलीस तर एक तर मार खाईल, नाहीतर वाट फुटेल तिकडं निघून जाईल. हा मार्ग मला सगळ्यांत बरा वाटतो. सुट्टीला तू जाशील तिथंच ती असेल.

घरी खरंच जमलं नाही तर कर्मचारी वसाहतीत विचारा. एखाद्या प्राध्यापकांच्या घरी, कार्यालयातल्या कुणाकडे. देण्याआधी घर बघून या. 'स्टेटस'ला फोटो टाकून पहिल्या हात वर करणाऱ्याला देऊन टाकू नका.

तिसरा मार्ग म्हणजे आवारातलं मांजर. खोलीत नाही, स्टोअरच्या पडवीला किंवा सायकल स्टँडपाशी, ऑपरेशन करून, लस देऊन, ठरलेल्या वेळी खाणं, आणि हे सगळं परवानगीनं. काही ठिकाणी चांगलं चालतं. पण त्यात एक माणूस असा लागतो जो सुट्टीत गावी जात नाही. माळीकाका असतील, वॉचमनच्या घरचे असतील. त्याचं नाव कागदावर, खाद्याची पिशवी त्याच्या हवाली, आणि पैसे आगाऊ. असा माणूस मिळाला नाही तर हा मार्ग बाद समज. हवालदाराच्या वेळी आमच्याकडे चार मायाळू मुली होत्या. तो एक माणूस नव्हता.

यातलं काहीही करायचं तरी पहिली पायरी रेक्टर मॅडम. तू त्यांचं चित्र फार भीतीदायक रंगवलंयस. असतीलही कडक. पण दीडेकशे पोरींचं उत्तर ज्यांना द्यावं लागतं त्यांनी 'प्राणी नकोत' म्हणणं हे निव्वळ दुष्टपणाचं नसतं. कुणाला चावलं, कुणाला दमा उठला, मेसच्या पिठात केस निघाला, की पालकांचा फोन त्यांनाच येतो. जाताना तिघी मिळून जा, हजेरीच्या गडबडीत नको, दुपारी निवांत वेळ बघून. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. 'मॅडम, समजा एखादं पिल्लू सापडलं तर' अशी सुरुवात केलीत की त्या ओळखतील. अर्ज साधा असू दे:

'दि. १५ ऑगस्टपासून आमच्या खोलीत मांजराचे एक पिल्लू आहे. हे नियमाविरुद्ध आहे याची आम्हाला जाणीव आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्याची कायमची सोय करण्याची जबाबदारी आम्ही घेत आहोत. तोपर्यंत मुदत मिळावी व त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात नेण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.'

खाली तिघींच्या सह्या. शिंकणारीची सही तिनं मनापासून दिली तरच. 'खोलीत कायम ठेवू द्या' असं मागू नका, ते मिळणार नाही आणि मिळूही नये. मुदत मागा, ती बहुतेक वेळा मिळते. दंड झाला तर भरा. रागावल्या तर ऐकून घ्या, दीड महिना फसवलंय त्यांना. नाहीच म्हणाल्या तर चार दिवस मागा आणि त्या चार दिवसांत आईला फोन करा. त्या फोनवर रडू नको, वर लिहिलंय तसं मुद्द्याचं बोल.

दवाखान्यात नेताना मात्र ती सॅक वापरू नकोस. ती दिसली की आता तिचं अंग आखडणार. बाजारातून भाजीच्या जाळीदार प्लास्टिकच्या दोन टोपल्या आण, एकीवर दुसरी उपडी घालून कडेनं सुतळीनं घट्ट बांधता येतात; हवा खेळती राहते, डॉक्टरांना वरची टोपली काढून तपासताही येतं. आणल्या दिवशी बांधू नकोस. खालची टोपली तुझ्या कॉटजवळ ठेव, आत पंधरा ऑगस्टची ती ओढणी घाल, अंड्याचा तुकडा टाक, आणि अभ्यासाला बस. एक-दोन दिवसांत ती आपणहून आत जाऊन झोपेल.

डॉक्टरांकडून आलीस की जिलेबी बोका निघाला का भाटी, तेवढं कळव.

तुझी,
मावशी